रिपोर्टवर ‘एएससी-यूएस’, मग पुढे काय?

प्रश्न : वय ३८, त्रास काहीच नाही. पॅप तपासणीच्या रिपोर्टवर ‘एएससी-यूएस’ असा शेरा आलाय. डॉक्टर म्हणतात, घाबरू नका. नणंद म्हणते, पिशवीच काढून टाक. काय करावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नणंदेचा सल्ला बाजूला ठेवलेला बरा. शेऱ्याचा अर्थ एवढाच, की काचपट्टीवरच्या काही पेशी जराशा वेगळ्या दिसल्या. कशामुळे, ते नक्की सांगता येत नाही. साध्या जंतुसंसर्गानेही असं होतं. हे कॅन्सरचं निदान नव्हे.

उलगडा होतो तो एचपीव्ही चाचणीने; एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारणीभूत ठरणारा विषाणू. धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्यांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण पॅप निगेटिव्ह आलेल्यांच्या जेमतेम पाव पट होतं. मोठमोठ्या देशांची मार्गदर्शक तत्त्वं पुढे ज्या दिशेने गेली, तिचा एक भक्कम पुरावा मराठवाड्यातल्या खेड्यांतून आला!

चाचणी निगेटिव्ह आली, तर साधारणपणे तीन वर्षांनी पुन्हा तपासणी पुरते. पॉझिटिव्ह आली, तर कॉल्पोस्कोपी : गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून भिंगातून पाहतात, पांढरा डाग उमटला तर तिथला कणभर तुकडा तपासायला घेतात. दहा-पंधरा मिनिटांचं काम, भूल सहसा लागत नाही. बहुतेक एचपीव्ही संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात, हेही घरच्यांना सांगावं.

मात्र संबंधांनंतर किंवा पाळी नसताना रक्त दिसलं, तर रिपोर्ट काहीही असो, थांबू नये.