सतराव्या भागाशी झालेलं भांडण

रिद्धपुरात बसून शिकागोच्या जादूगाराच्या कादंबऱ्या मोबाइलवर वाचणाऱ्या माणसाला गावात फारसं कोणी काही विचारत नाही. फार तर "अजून तेच चालू आहे काय?" एवढं ऐकावं लागतं. जिम बुचर या अमेरिकी लेखकाची 'ड्रेस्डेन फाइल्स' ही मालिका 2000 साली 'स्टॉर्म फ्रंट'पासून सुरू झाली. टेलिफोनच्या पिवळ्या पानांत 'जादूगार' म्हणून नाव छापून गुप्तहेरी करणारा हॅरी ड्रेस्डेन हा तिचा नायक. सतरावा भाग 'बॅटल ग्राउंड' 2020च्या सप्टेंबरात आला. तो आवडला की नाही, हे मला एका शब्दात सांगता येत नाही. मात्र काही गोष्टी त्याने पक्क्या करून दिल्या.

1. गोष्ट जागेला बांधलेली हवी.

आमच्या गावात हे शिकवावं लागत नाही. महानुभाव पंथाचे श्रीगोविंदप्रभू कुठे बसले, कुठे खेळले, ती स्थानं इथे ओटे बांधून जपली आहेत. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' या ग्रंथाचं काम केलं तेही याच गावात, आणि महानुभावांनी जागांसाठी वेगळी स्थानपोथीच लिहून ठेवली. तो श्रद्धेचा आणि इतिहासाचा प्रांत, करमणुकीच्या कादंबरीशी त्याची बरोबरी नाही. पण अशा गावात वाढलेला वाचक आधी विचारतो, कुठे घडलं ते सांग.

बुचर चांगला लिहितो तेव्हा तो हे नेमकं सांगतो. 2005च्या 'डेड बीट'मध्ये हॅरी शिकागोच्या फील्ड म्युझियममधला 'सू' हा टायरॅनोसॉरसचा सांगाडा मंत्राने उठवतो आणि त्यावर स्वार होऊन शहरातून निघतो. हा सांगाडा खरा आहे. 1990 साली साउथ डकोटात सापडला, आजही त्याच संग्रहालयात आहे. कादंबरीत मेलेल्याला चालवायला सतत ठोका लागतो. तो ठोका धरतो शवविच्छेदन करणारा, पोल्का संगीताचा वेडा, भित्रा बटर्स. म्हणजे खरं संग्रहालय, एक ढोल आणि एक घाबरट माणूस. एवढ्या सामानावर असा प्रसंग उभा करणाऱ्या लेखकाचे पुढचे सगळे अपराध मी आधीच पोटात घातले होते.

2. सैन्य वाढलं की भीती घटते.

'बॅटल ग्राउंड' जवळजवळ सगळी एका रात्रीत घडते. एथनिउ नावाची टायटन समुद्रातल्या फोमोर लोकांचं सैन्य घेऊन शिकागोवर चालून येते आणि शहराची वीज जाते. (भारनियमनात अर्धे उन्हाळे काढलेल्या वऱ्हाडी वाचकाला "लाइन गेली" याचं फार भय वाटत नाही, ते सोडा.) अंधाराची सुरुवातीची पानं उत्तम आहेत. त्यानंतर लढाई, मग तिच्याहून मोठी लढाई, मग आणखी मोठी. तळघरातल्या खोलीत दबकत येणारं एक भूत मला रात्रभर जागं ठेवायचं. इथे हजारोंचं सैन्य आलं आणि मी मजकूर भराभर वर सरकवत राहिलो.

3. मरण लहान कारणाने आलं तरच लागतं.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हा मुद्दा गाळावा. पहिल्या भागापासून हॅरीच्या सोबत असलेली, एकेकाळची पोलीस अधिकारी मर्फी एका राक्षसाला पाडते आणि लगेच घाबरलेल्या, हलक्या डोक्याच्या पोलिसाच्या बंदुकीतून सुटलेल्या गोळीने मरते. अनेक वाचकांना हे मरण तिच्या तोलाचं वाटलं नाही. मला ते पुस्तकातलं सर्वांत खरं पान वाटलं. माणसं अशीच जातात. राग वेगळ्याच गोष्टीचा आला: लेखकाने रडायला सवड दिली नाही, पुढची लढाई वाट पाहत होती.

4. एक पुस्तक कापून दोन होत नाहीत.

'स्किन गेम' 2014चं. पुढे सहा वर्षं मालिकेची नवी कादंबरी नाही, आणि मग जुलै 2020मध्ये 'पीस टॉक्स'. मूळ एकच कादंबरी दोन भागांत तोडलेली. त्यामुळे सोळावा भाग नुसतीच तयारी आणि सतरावा नुसताच दणका.

5. नारायण धारपांकडे परत जावं.

या मराठी भयकथाकाराच्या 'समर्थ' या नायकाची कुठलीही कथा काढा, मागचं आठवलं नाही तरी अडत नाही. 'लुचाई'त तर त्यांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'चं भय मराठी मातीत आणून बसवलं. बुचरच्या सतराव्या भागाला मात्र आधीची सोळा पुस्तकं तोंडपाठ लागतात. कोण कोणाचा ऋणी, कोणाचा शब्द कुठे अडकलाय, हे लक्षात ठेवणं म्हणजे सोयरिकीतले मानपान सांभाळण्याएवढं अवघड.

6. शेवटची पानं सोडू नयेत.

कादंबरी संपल्यावर 'ख्रिसमस ईव्ह' ही छोटी कथा जोडली आहे. हॅरी मध्यरात्री लेकीसाठी सायकल जोडत बसतो. एकही लढाई नाही, आणि तरी आधीच्या शेकडो पानांपेक्षा ती जास्त जवळची वाटते. लेखकाचा हात गेलेला नाही, हे त्याने तिथे दाखवून दिलं.

अठरावा भाग 'ट्वेल्व्ह मंथ्स' हा 2026च्या जानेवारीचा. नव्या वाचकाला माझं सांगणं: सुरुवात थेट 'डेड बीट'पासून करा, आवडली तर मागे जा. आणि 'पीस टॉक्स' हातात घ्याल तेव्हा 'बॅटल ग्राउंड' शेजारी ठेवूनच बसा.