दारुहळद घेताना काय पाहावे?

नैसर्गिक रंगाच्या कापडाला अलीकडे बरी मागणी आहे. टसर असो, खादी असो, गिऱ्हाईक आता पोत पाहून झाल्यावर 'रंग कशाचा?' असेही विचारते. त्यामुळे आम्हां कापडवाल्यांनाही रंगाच्या मालाची ओळख ठेवणे भाग आहे. पिवळ्या रंगासाठी मिळणाऱ्या मालात दारुहळद महत्त्वाची. हकीमसाहेब तिला दारहल्द म्हणतात. तिचा काढा आटवून रसौत करतात आणि याच कुळातल्या एका झुडपाचे आंबट लाल फळ म्हणजे इराणच्या खुरासान भागातून येणारे जरिश्क.

नावात हळद असली तरी हळदीच्या गड्ड्याशी हिचे नाते नाही. संस्कृतात 'दारु' म्हणजे लाकूड. हे थंड डोंगराळ मुलखातले काटेरी झुडूप आहे. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी किंवा गडचिरोलीच्या जंगलात ते होत नाही. आपल्या रानात साग, ऐन, मोह, तेंदू, पळस, हिरडा आहे. म्हणून कोणी 'इथल्या जंगलातली दारुहळद' म्हणून माल दाखवू लागला, तर सौदा तिथेच थांबवावा.

हिमालयात या कुळाची अनेक झुडपे आहेत. खोडावर काटे, पेरावर झुबक्यांनी पाने, पिवळी फुले आणि साल खरवडली की आत पिवळे लाकूड, एवढे सर्वांत सारखेच. फरक पानांत पाहावा.

१) बर्बेरिस अरिस्टाटा : आयुर्वेदाच्या सरकारी ग्रंथात दारुहळद म्हणून हीच धरली आहे. पान वरून चकचकीत, दोन्ही बाजूंनी हिरवे. फुलांचे घोस लांब व लोंबते.

२) बर्बेरिस एशियाटिका : पान जाड, चामड्यासारखे, खालून पांढरट. शिरांची जाळी ठळक. घोस आखूड.

३) बर्बेरिस लायसियम : पान अरुंद, लांबट, खालून राखाडी. कडेला दाते बहुधा नसतात.

दक्षिणेत निलगिरीवर बर्बेरिस टिंक्टोरिया आहे. तिच्या नावातच 'रंगाची' असा अर्थ आहे.

अडचण अशी की आपल्यापर्यंत पाने येत नाहीत, वाळलेले तुकडे येतात. त्यातच दक्षिणेकडून याच नावाने एक वेगळा माल येतो. ती कॉसिनियम फेनेस्ट्रेटम नावाची वेल, केरळात तिला मरमंजळ म्हणतात. तिचे कुळ निराळे, परंतु पिवळा रंग देणारे बर्बेरिन हे द्रव्य तिच्यातही आहे. दोन्ही पिवळ्या, दोन्ही कडू. म्हणून पाण्यात टाकून रंग पाहणे किंवा जिभेला लावणे ही परीक्षा इथे उपयोगाची नाही.

तुकडा आडवा कापून पाहावा. वेलीच्या कापावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रुंद रेषा मध्यापासून कडेकडे जातात आणि मोठी छिद्रे डोळ्यांनी दिसतात. झुडपाचे लाकूड घट्ट असते, त्यातल्या रेषा बारीक. ही वेल जंगलातून फार तोडली गेली आहे, आणि जंगलातून तोडलेल्या वेलीची निर्यात सरकारने १९९८ साली बंद केली. तेव्हा परदेशी मालासाठी रंगाई करणाऱ्याने ही ओळख जरूर करून घ्यावी.

तिसरी लबाडी म्हणजे साध्या लाकडाला हळद चोळणे. तुकड्यावर ओला चुना लावावा. हळद असेल तर लगेच लाल होते, दारुहळद तशी लाल होत नाही.

आता रंगाईचे. रेशीम आणि लोकर हा रंग सरळ घेतात. सुती कापड मात्र आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवावे लागते, नाहीतर रंग धरत नाही. उन्हात हा रंग उतरतो. गिऱ्हाइकाला हे विकण्यापूर्वी सांगावे, म्हणजे पुढची तक्रार टळते.

खरेदीच्या वेळी नुसते 'दारुहळद' न लिहिता पावतीवर झाडाचे पूर्ण नाव, खोड की मूळ आणि माल कोणत्या भागातला, हे लिहून घ्यावे. जो व्यापारी हे लिहून देत नाही, त्याचा माल स्वस्त असला तरी महाग पडतो. औषधासाठी घेणाऱ्याने तर ओळख जाणकाराकडूनच पटवावी, कारण तिथे प्रश्न रोग्याच्या जिवाचा आहे.

हजरत पैगंबर (स.) यांनी मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. आमच्या धंद्याला हाच धडा आहे. आपण घेताना तुकडा कापून पाहावा आणि विकताना कापून दाखवावा. बरकत त्यातच आहे.