परसात जरूर उतरा, पण अनवाणी नको

फाल्गुन सरत आला की आमच्या दवाखान्यातली गर्दी बदलते. थंडीतले खोकले कमी होतात आणि काटा मोडलेले, विळा लागलेले, विंचू चावलेले रुग्ण येऊ लागतात. याचा अर्थ एवढाच, की लोक घराबाहेर पडले आहेत. डॉक्टर म्हणून मला त्याचा आनंदच होतो. पळस फुललेला असतो, काटेसावर लाल झालेली असते, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात आणि कडुनिंबाला कोवळी पालवी येते. अशा दिवसांत सकाळी घरात बसून राहणे हेच खरे आजारपण!

मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी अशा प्रत्येक रुग्णाला मी व्यायाम करायला सांगतो. त्यावर ठरलेले उत्तर येते, “डॉक्टरसाहेब, या वयात कुठं उड्या मारायच्या?” उड्या मारायच्या नाहीतच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम सांगितले आहेत. मध्यम श्रम म्हणजे दम थोडा वाढतो, पण शेजारच्याशी बोलता येते. खुरपणे, आळी करणे, बादलीने पाणी घालणे हे सारे त्यात मोडते. रोज अर्धा तास परसात काम केले की हिशोब पुरा होतो, आणि भाजी मिळते ती वेगळीच.

चैत्रात पाण्याची ओढ असते, म्हणून मोठा घाट घालू नये. भेंडी, गवार, काकडी, दोडका यांचे चार-चार वेल किंवा रोपे पुरतात. माठ, तांदुळजा यांची भाजी साधारण महिनाभरात खुडता येते. मोरीचे पाणी केळीला, अळूला द्यावे. कच्च्या खायच्या भाज्यांना आणि कोथिंबिरीला मात्र ते घालू नये. आळ्यात वाळका पाला पसरला की ओल टिकते आणि पाणी कमी लागते.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले. मधुमेह बारा वर्षांचा. घरामागे सुंदर बाग केली होती. “मातीला पाय लागले की बरं वाटतं,” असे म्हणून अनवाणी काम करायचे. पायात बाभळीचा काटा मोडला, तो त्यांना कळलाच नाही. चार दिवसांनी सुनेला फरशीवर ओले डाग दिसले, तेव्हा जखम उघडकीला आली. मग कुणीतरी बिब्ब्याचा चटका दिला. दुखत नव्हते, म्हणून आणखी आठवडा गेला. माझ्याकडे आले तेव्हा अंगठा काळा पडला होता. जिल्ह्याच्या गावी नेऊन तो काढावा लागला.

गुरुजींना वेदना का झाल्या नाहीत? रक्तातली साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या नसा बधिर होतात. वेदना ही शरीराची राखणदार आहे. राखणदारच झोपला तर चोर कसा कळणार? त्यातच पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो आणि साखरेमुळे जंतूंचे फावते. म्हणून मधुमेही माणसाच्या बाबतीत ‘दुखत नाही’ ही समाधानाची बाब नसून काळजीची आहे. पायांना मुंग्या येणे, चप्पल पायातून निसटलेली न कळणे ही त्याची लक्षणे आहेत.

यासाठी परसात उतरणाऱ्यांनी काही नियम पाळावेत.

१) अनवाणी जाऊ नये. बंद बूट उत्तम. घालण्याआधी ते उलटे करून झटकावेत आणि आत हात फिरवून खडा-काटा पाहावा. मधुमेह्यांनी रोज रात्री दोन्ही तळपाय व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेवावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे.

२) जखम झाल्यास वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. हळद, चुना, राख, शेण, बिब्बा, रुईचा चीक यांपैकी काहीही लावू नये. खोल गेलेला काटा सुईने उकरत बसू नये.

३) धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते, हा समज चुकीचा आहे. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर मोठ्यांना दहा वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावा. तारीख आठवत नसेल तर सरळ डॉक्टरांना दाखवावे.

४) पाला, विटा, गोवऱ्या, सरपण यांत एकदम हात घालू नये, आधी काठीने हलवावे. विंचू चावल्यावर नुसतेच दुखत असेल तरी डॉक्टरांना दाखवावे. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, धाप लागणे ही धोक्याची खूण आहे. हृदयावर परिणाम झालेला असतो. पूर्वी अशी कितीतरी मुले दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीचा उपयोग दाखवून दिला. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. पण ही गोळी वेळेवर आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली पाहिजे. मंत्र-उताऱ्यात गेलेला तास परत येत नाही. साप चावला तर आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नयेत. रुग्णाला स्वस्थ ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

५) काम सकाळी नऊच्या आत उरकावे. पाण्याचा तांब्या जवळ ठेवावा, डोक्याला पंचा बांधावा. उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला आणि अंग चटका बसण्याइतके तापले असेल तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

ज्यांना वाकणे जमत नाही त्यांनीही हिरमुसू नये. वसंताचा आनंद बसूनही घेता येतो. पळसाची फुले पाण्यात उकळली की सुरेख केशरी रंग निघतो. नातवंडांना रंगपंचमीसाठी तो करून द्यावा. गोधडीचे टाके घालावेत, चैत्रांगण रेखावे, रोपांसाठी जुन्या डब्यांना भोके पाडून द्यावीत. बोटे हलती राहतात, मन गुंतते आणि घरात आपली गरज आहे ही भावना टिकते. एकाकी वृद्धांना या भावनेचा किती आधार असतो, हे मी रोज पाहतो. फक्त गोधडी शिवताना चष्मा लावावा आणि अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले फिरावे.

गुरुजींचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. अंगठा गेल्यावर घरच्यांनी त्यांची बाग बंद केली. दोन महिन्यांत साखर वाढली, बोलणे कमी झाले. शेवटी मीच मुलाला बोलावून सांगितले, “बाग नका बंद करू, बूट आणून द्या.” आता ते बूट घालून वेलींना मांडव करतात. रोज रात्री सूनबाई त्यांचे पाय पाहते. परवा माझ्या टेबलावर दोन काकड्या ठेवून म्हणाले, “डॉक्टर, ही तुमची फी!”

वाचकहो, आज रात्री झोपण्यापूर्वी घरातल्या मधुमेही माणसाचे तळपाय एकदा दिव्याच्या उजेडात पाहा. आणि उद्या सकाळी त्यांना हाताला धरून परसात घेऊन जा.