पेटीबाहेरची फळे

(नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेलगत सुरगाणा हा डोंगराळ तालुका आहे. तेथील एका शाळेत घडलेली हकीकत या पाठात एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितली आहे. फळांचे एक साधे पेय करता करता मुलांना काय काय उमगले, ते वाचा.)

मुलांनो, हिवाळ्याच्या दिवसांत तुम्ही बोरगावहून सापुताऱ्याकडे निघालात, तर रस्त्याच्या कडेला एक मनोहर दृश्य तुमच्या दृष्टीस पडेल. लहान लहान पेट्यांत लालबुंद स्ट्रॉबेरी मांडून माणसे गिऱ्हाइकाची वाट पाहत बसलेली असतात. हाच सुरगाणा तालुका. १९४८ पूर्वी सुरगाणा हे एक लहानसे संस्थान होते. येथे पाऊस उदंड पडतो. परंतु प्रदेश उताराचा असल्यामुळे नार, पार या नद्या ते पाणी पश्चिमेकडे वाहून नेतात आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. भात, नागली, वरई ही येथील जुनी पिके. स्ट्रॉबेरी ही अलीकडची पाहुणी. जेथे हिवाळ्यात पाणी टिकते, तेथे तिचे वाफे दिसतात.

अशाच एका गावच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. एके दिवशी सहावीच्या वर्गातील एक हुशार मुलगी पहिल्याच तासाला पेंगताना दिसली. मी तिला जवळ बोलावून विचारले, "काय ग, झोप झाली नाही काय?"

"पहाटे फळे तोडायला गेले होते, गुरुजी."

"न्याहारीला काय खाल्लेस?"

"नागलीची भाकर आणि कोरा चहा."

"आणि स्ट्रॉबेरी?"

तिने आश्चर्याने माझ्याकडे पाहिले. "ती विकायची असते, गुरुजी!"

त्या उत्तरावर मला काय बोलावे, ते सुचेना. तिच्या आईबापांचा त्यात काहीच दोष नव्हता. वर्षाचे मीठमिरची त्या पेट्यांवरच अवलंबून होते. तरीही मन स्वस्थ बसेना. सायंकाळी मी तिच्या शेतावर गेलो. बांधावर एका पाटीत बरीच फळे निराळी काढून ठेवली होती. कोणी आकाराने लहान, कोणी वाकडी, कोणी एका अंगाने दबलेली. पेटीत शोभत नाहीत, म्हणून ती बाजूला पडली होती. दुसऱ्या दिवशी ती उकिरड्यावर जाणार होती. मी एक फळ धुऊन तोंडात टाकले. पेटीतल्या फळाहून त्याची गोडी तसूभरही उणी नव्हती!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही एक प्रयोग करावयाचे ठरविले. शहरात फळे घुसळून जे दाट पेय करतात, त्याला 'स्मूदी' म्हणतात. ते आपण आपल्याच साधनांनी करावयाचे. मुलांनी पेटीबाहेरची फळे आणली. माझ्या घरी हिरव्या चहाची पुडी होती, ती मी नेली. नेहमीच्या सवयीने मी चहा खळखळून उकळला आणि वाफाळता तसाच कुस्करलेल्या फळांवर ओतला. फळांचा रंग मंदावला आणि पेय असे कडू झाले, की पहिल्या घोटालाच मुलांची तोंडे वाकडी झाली. भीडेने कोणी बोलेना. शेवटी तीच मुलगी हळूच म्हणाली, "गुरुजी, चहा जरा निवू द्यायला हवा होता!" सारा वर्ग हसला, मीही हसलो. चूक माझीच होती.

मग आम्ही त्या चुकीचे कारण शोधले. काळा चहा आणि हिरवा चहा ही दोन निराळी झाडे नव्हेत. दोन्ही एकाच झाडाची पाने. पाने खुडून, चुरून हवेत ठेवली, की हवेतील प्राणवायूमुळे ती काळसर होतात. तो काळा चहा. खुडल्यावर लवकरच पानांना वाफ दिली किंवा ती कढईत तापविली, की हा बदल थांबतो आणि पाने हिरवी राहतात. तो हिरवा चहा. आसामच्या अरण्यात हे झाड मुळातच होते. इंग्रजांना १८२३ च्या सुमारास त्याचा पत्ता लागला. पण तेथील सिंगफो हे वनवासी लोक त्यापूर्वीपासूनच त्याच्या पानांचा चहा पीत होते. या पानांत तुरट द्रव्ये असतात. पाणी फार कढत असले, की ती भराभर उतरतात आणि चहा कडवट होतो. शिवाय स्ट्रॉबेरीतील क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते. म्हणजे एकाच उतावळेपणाने मी चहाही बिघडविला आणि फळही!

पुढच्या शनिवारी आम्ही सावधपणे कामाला लागलो. दूध वापरावयाचे नाही, हे आधीच ठरले होते. दुभते जनावर घरोघरी नसते आणि आंबट फळाने दूध फाटण्याचाही संभव असतो. त्याऐवजी मूठभर शेंगदाणे रात्रभर भिजवून पाट्यावर मऊ वाटले, त्यांत वाटीभर स्वच्छ पाणी घातले व फडक्यातून पिळून घेतले. पांढरेशुभ्र दाट दूध निघाले. (शेंगदाणा ज्याला सोसत नाही, त्याने तो घालू नये.) दोन पेले पाणी उकळून चुलीवरून उतरविले, चारपाच मिनिटे थांबून त्यात दोन लहान चमचे हिरवा चहा टाकला, दोनतीन मिनिटांनी गाळला आणि पूर्ण निवू दिला. दोन वाट्या स्ट्रॉबेरी देठासकट दोनतीन पाण्यांनी धुतली आणि मग देठ काढले. देठ आधी काढले, तर फळात पाणी शिरून चव पचपचीत होते. दबलेला भाग कापून टाकला. बुरशी आलेले फळ मात्र सबंधच फेकून दिले. दोन पिकली केळी, सुपारीएवढा गूळ व चिमूटभर मीठ घालून सारे एका पातेल्यात पळीने कुस्करले. मग निवालेला चहा व शेंगदाण्याचे दूध ओतून रवीने घुसळले. वीज त्या दिवशी गेलेलीच होती. पण आमचे काहीच अडले नाही! गुलाबी रंगाचे, दाट, आंबटगोड पेय तयार झाले. एकानेही या वेळी तोंड वाकडे केले नाही.

चहाच्या पानांत झोप उडविणारे द्रव्य असते. म्हणून मुलांसाठी मी दुसरा मार्ग सुचविला. परसातील गवती चहाची पाती उकळून, ते पाणी निववून वापरावे. गवती चहा म्हणजे खरा चहा नव्हेच. तो भात व नागली यांच्याच तृणकुळातील. त्यात ते द्रव्य नसते आणि त्याचा गंध लिंबासारखा असतो. आणखी एक गोष्ट मी फळ्यावर लिहिली: भाकरीबरोबर चहा पिऊ नये. चहातील तुरट द्रव्ये धान्यातील लोह शरीराला मिळू देत नाहीत. उलट, आंबट फळातील क जीवनसत्त्व ते मिळविण्यास साहाय्य करते. तेव्हा न्याहारीच्या भाकरीसोबत मूठभर स्ट्रॉबेरी खावी. चहा हवाच असेल, तर तासाभराने घ्यावा.

काही दिवसांनी मी पुन्हा त्या शेतावर गेलो. मुलीची आई पेट्या भरीत बसली होती. तिच्या शेजारी एक पितळी वाटी होती आणि तीत चांगली टपोरी फळे होती. मी विचारले, "ही कोणती पेटी?"

ती हसून म्हणाली, "ही पोरांची, गुरुजी. आता आधी ही भरते, मग बाकीच्या."

मुलांनो, आपल्या श्रमाचे फळ बाजारात जावे, हे योग्यच आहे. परंतु ज्या हातांनी ते पिकविले, त्या हातांनाही त्याची गोडी कळावी, हेही तितकेच योग्य नव्हे काय?

शब्दार्थ
तसूभर – अगदी थोडे. उकिरडा – केरकचरा टाकण्याची जागा. उतावळेपणा – घाई. तृणकुळ – गवताचे कुळ. निवणे – थंड होणे.

स्वाध्याय
१. "ती विकायची असते, गुरुजी!" या उत्तराने मुख्याध्यापकांचे मन अस्वस्थ का झाले?
२. पहिला प्रयोग का फसला? त्याची दोन कारणे लिहा.
३. काळा चहा व हिरवा चहा यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. पेटीबाहेरची फळे आणि पितळी वाटीतील फळे यांत काय फरक होता? त्यावरून आईच्या मनात झालेला बदल स्पष्ट करा.
५. तुमच्या गावी पिकणारे. परंतु घरी क्वचितच खाल्ले जाणारे एखादे फळ किंवा धान्य कोणते? घरातील वडील माणसांना विचारून त्याविषयी दहा ओळी लिहा.