समुद्राचे घड्याळ

मे महिन्याच्या सुटीत मी मुंबईला लालबागला आजोळी गेलो होतो. माझे आजोबा पूर्वी गिरणीत कामाला होते. आता ते दादरच्या चौपाटीवर गळ टाकून मासे धरतात. त्यांच्याकडून मी जे शिकलो ते येथे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी मी हट्ट करून त्यांना सकाळी ९ वाजताच नेले. पाणी लांब गेले होते. तासभर बसलो, पण एकही मासा लागला नाही. मग पाणी चढू लागले. मी आपला गळाकडेच बघत राहिलो. मागच्या खळग्यात पाणी कधी भरले ते कळलेच नाही. परत येताना ते माझ्या कमरेपर्यंत आले. आजोबांनी माझा दंड घट्ट धरला. एक चप्पल वाहून गेली. मी खूप घाबरलो.

घरी आजोबा म्हणाले, "बाळा, आधी समुद्राचे घड्याळ बघावे, मग गळ टाकावा." ते घड्याळ असे. कॅलेंडरात तिथी बघायची व तिची पाऊणपट करायची. त्या दिवशी चतुर्थी होती. चार पाऊण तीन. म्हणजे मुंबईला पूर्ण भरती दुपारी ३ च्या सुमारास. त्याआधी सुमारे ६ तास ओहोटी, म्हणजे सकाळी ९ वाजता! वद्य पक्षात पुन्हा १ पासून मोजायचे. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र व सूर्य एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण येते. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते. त्याला भांग म्हणतात.

दुसरी खूण लाटांची. लाट फुटते तिथे पाणी उथळ. फुटत नाही तिथे खोल. खोल जागी मासे येतात, पण तिथूनच पाणी आत ओढते. म्हणून तिथे गळ टाकावा, पाय टाकू नये.

पंचमीला भरती पावणेचारला होती. आम्ही २ वाजता गेलो. पाणी चढेल तसे मागे सरत होतो. गळाला कोळंबी लावली. दोन शिंगाळे मिळाले! शिंगाळ्याचा काटा विषारी असतो, म्हणून आजोबांनीच ते सोडवले. आजीने कालवण केले.

मित्रांनो, आपणही खाडीत तिसऱ्या काढायला जातो. गाव बदलले की भरतीची वेळ थोडी बदलते. म्हणून जाण्याआधी मोठ्या माणसांना विचारा. मी आता रोज पाऊणकी पाठ करतो.

– इयत्ता ४ थी