दोन मिनिटे आणि तिसरी चढाई

आंतरशालेय कबड्डी स्पर्धेतील एका अंतिम सामन्याचे स्मरण आपल्या शाळेच्या काही माजी विद्यार्थ्यांना अद्याप असेल. सामना संपण्यास दोन मिनिटे उरली होती आणि आपला संघ तीन गुणांनी पुढे होता. आपल्या चढाईपटूने मध्यरेषा ओलांडली, निदान रेषेपलीकडे एक पाऊल टाकले, मागे घेतले आणि पुढचा सर्व वेळ तो प्रतिस्पर्ध्यांच्या हाताबाहेर राहून पावले मोजीत राहिला. वेळ संपत आल्याची खूण होताच तो परतला. पुढच्या चढाईतही त्याने हेच केले. प्रतिस्पर्ध्यांनी मधल्या दोन चढायांत एकेक गुण मिळवला, तोवर पंचांची शिट्टी झाली. एका गुणाने आपण जिंकलो. चषक आला, परंतु बाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकांतून, त्यातही आपल्याच काही पालकांकडून, टाळ्यांऐवजी शिट्ट्या आल्या.

त्या रात्री वसतिगृहाच्या भोजनगृहात दोन तट पडले. जिंकण्यासाठीच उतरायचे असते, नियम मोडलेला नाही, मग खंत कशाची, असे एका तटाचे म्हणणे होते. दुसऱ्या तटाला त्या दोन मिनिटांत कबड्डी झालीच नाही असे वाटत होते. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक या नात्याने निवाडा माझ्याकडे मागण्यात आला. तो मला त्या रात्री देता आला नाही. पुढे या प्रश्नाचा जो थोडाफार अभ्यास झाला, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडीत आहे.

वडाळा, नायगाव, परळ, लालबाग, प्रभादेवी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हा वाद नवा नाही. गिरण्यांच्या काळात येथे जवळजवळ प्रत्येक गल्लीचे क्रीडा मंडळ होते आणि संध्याकाळी मातीचे मैदान आखले जाई. वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिरात कबड्डी आणि खो-खोचे सामने पाहत आपल्यापैकी पुष्कळांनी हे खेळ समजून घेतले. या प्रेक्षकाचे एक वैशिष्ट्य होते. तो मंडळाचा अभिमानी असे, पण खेळाचा जाणकारही असे. कोपरारक्षकाने घोटा कधी धरला आणि कधी धरावयास हवा होता, यावर सामना संपल्यानंतर तासभर चर्चा चाले. अशा माणसाला रिकामी चढाईसुद्धा कंटाळवाणी वाटत नसे, कारण त्या चढाईत चढाईपटू बचावफळीची साखळी कोठे सैल आहे हे चाचपून पाहत आहे, हे त्यास दिसत असे. म्हणून ‘रंजक खेळ’ आणि ‘कंटाळवाणा खेळ’ हे शब्द वापरताना पाहणाऱ्याचे डोळे कोणते, हे आधी विचारावे लागते.

तरीही आमच्या त्या दोन मिनिटांत चाचपणी नव्हती. तेथे केवळ वेळ काढणे होते. जाणकारालाही त्यात पाहण्याजोगे काही नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

कबड्डीच्या नियमकर्त्यांना या दुखण्याची जाणीव फार पूर्वीपासून असावी. एकेकाळी चढाईची मर्यादा म्हणजे चढाईपटूचा दम होता. ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष एका श्वासात जेवढा टिकेल तेवढीच चढाई. आज चढाईला 30 सेकंदांची मर्यादा आहे. चढाईपटूने किमान निदान रेषा ओलांडलीच पाहिजे, अन्यथा तो बाद होतो. पुरुषांच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर असते आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. बचावात सहा किंवा अधिक खेळाडू असताना बोनस रेषा यशस्वीपणे ओलांडल्यास एक गुण मिळतो. म्हणजे आत जाण्याचे धाडस करणाऱ्याला नियमानेच बक्षीस ठेवले आहे. बचावात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड झाली तर एक जादा गुण मिळतो. त्यामुळे मागे पडलेल्या संघाची आशा शेवटपर्यंत जिवंत राहते. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम तिसऱ्या चढाईचा. एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो; नाहीतर चढाईपटू बाद होऊन गुण प्रतिस्पर्ध्याला जातो. प्रो कबड्डीने हीच चढाई ‘डू ऑर डाय’ या नावाने घराघरांत पोहोचवली.

हा नियम असूनही आमची मुले वेळ कशी काढू शकली? येथे थोडे गणित करावे लागते, आणि हा लेख विद्यार्थ्यांच्याही हाती पडणार असल्याने ते सविस्तर करतो. दोन मिनिटे म्हणजे 120 सेकंद. दोन्ही संघांनी प्रत्येक चढाईस पूर्ण 30 सेकंद घेतले, तर एकूण चार चढाया होतात, प्रत्येकी दोन. आमच्या संघाला त्यापूर्वीच्या चढाईत गुण मिळालेला असल्याने निष्फळ चढायांची मोजणी शून्यापासून सुरू झाली होती. म्हणजे दोन रिकाम्या चढाया नियमाने माफ होत्या आणि तिसरी येण्यापूर्वीच वेळ संपणार होता. आमच्या मुलांनी हे गणित मनात केले होते. मात्र प्रतिस्पर्ध्यांनी ते केले नव्हते. पिछाडीवर असलेल्या संघाने सावधपणे, 30-30 सेकंद घेऊन एकेक गुण मिळवणे ही त्यांची चूक होती. त्यांनी आपली प्रत्येक चढाई 10 सेकंदांत आटोपली असती, तर 80 सेकंद होताच आमची तिसरी चढाई उभी राहिली असती आणि आम्हाला खेळणे भाग पडले असते. शिट्ट्या वाजवणाऱ्यांनी दोष एकाच बाजूला दिला. माझ्या मते तो दोन्ही बाजूंना विभागून द्यावयास हवा होता.

याच परिसराच्या दुसऱ्या लाडक्या खेळात हा वाद अधिक जुना आहे. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क येथील मैदानांनी मुंबईच्या क्रिकेटला जी वृत्ती दिली, तिला आपण ‘खडूस’ म्हणतो. 1958-59 ते 1972-73 या काळात मुंबईने रणजी करंडक सलग पंधरा वेळा जिंकला. सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावातील आघाडीवर पुढे जाता येते, हा या स्पर्धेचा नियम, आणि खेळपट्टीवर ठाण मांडून ती आघाडी मिळवण्यात मुंबईकरांचा हातखंडा. बाहेरच्यांनी त्यास रुक्ष म्हटले, आपण त्यास चिवटपणा म्हटले. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्या सामन्यांत तर विकेट फेकून येणाऱ्या फलंदाजाला घरच्या मंडळीतही क्षमा नसे. मला स्वतःला हा चिवटपणा प्रिय आहे, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण तेथे गोलंदाजाला प्रत्येक चेंडूवर फलंदाजाला बाद करण्याची संधी होती. फलंदाज तीस यार्ड दूर जाऊन उभा राहत नव्हता. आमच्या त्या चढायांमध्ये ही संधीच नव्हती. फरक असलाच तर तो येथे आहे.

परदेशी खेळांतही हाच झगडा दिसतो. रग्बीत लंबगोल चेंडू हाती घेऊन धावत जाऊन प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो, आणि प्रेक्षकांना तोच पाहावयाचा असतो. परंतु प्रतिस्पर्ध्याच्या चुकीवर मिळालेली लाथ खांबांमधून मारली तरी तीन गुण मिळतात. संघ सावधपणे लाथांवर विसंबू लागले, तेव्हा ट्रायचे मोल 1971 साली तीनावरून चार आणि 1992 साली चारावरून पाच गुण करण्यात आले. तरी सावध खेळाने जिंकणे थांबलेले नाही. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील एकमेव ट्राय न्यूझीलंडने केला, आणि चार लाथांच्या बारा गुणांवर दक्षिण आफ्रिका 12-11 अशी जिंकली. त्यावर रग्बीप्रेमींमध्ये जे वाद झाले असतील, त्यांची कल्पना आमच्या भोजनगृहात बसलेल्या कोणासही सहज करता येईल.

येथे एक गोष्ट मला थांबवते. 1995 साली जोहान्सबर्ग येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघांपैकी कोणीही एकही ट्राय केला नाही. जादा वेळेत दक्षिण आफ्रिका 15-12 अशी जिंकली, सर्व गुण लाथांचे. त्या सामन्यास आज कोणीही कंटाळवाणा म्हणत नाही, कारण जो हिरवा सदरा वर्णभेदी राजवटीचे चिन्ह समजला जाई, तोच अंगावर घालून नेल्सन मंडेला मैदानात आले होते. विजयाचा अर्थ मैदानाबाहेर ठरला होता. आपल्या समाजाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना बाळू पालवणकरांचा चेंडू सर्वांना चाले, पण चहा मात्र त्यांना तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले; 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांना पाहण्यासाठी मैदानाच्या कडेला उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांनी खेळ रंजक आहे की नाही याचा हिशेब केला असेल, असे मला वाटत नाही. त्यांना तो गडी जिंकलेला पाहावयाचा होता. (पुढे 1937 च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले, तो वेगळा विषय.) तेव्हा ज्यांना फार काळ जिंकू दिले गेले नाही, त्यांना ‘निकालापेक्षा खेळाचा आनंद घ्या’ असे सांगताना थोडा संकोच वाटला पाहिजे. त्या रात्री जिंकण्याच्या तटात बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यांवर मला हेच दिसले होते.

स्पर्धक संघांमधील चुरशीविषयीही थोडे लिहिणे प्राप्त आहे. 26 जुलै 2014 रोजी वरळीत प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, तेव्हा यू मुंबा संघाने जयपूरला हरवले, परंतु त्याच हंगामाच्या अंतिम सामन्यात तो जयपूरकडूनच हरला. पुढल्या वर्षी यू मुंबाने करंडक जिंकला. मुंबई आणि पुणेरी पलटण यांच्या सामन्यांना आज ‘महाराष्ट्राचे द्वंद्व’ म्हणतात. 2024 साली पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवले तेव्हा परळच्या चहाच्या टपरीवर काय बोलले गेले असेल, ते न लिहिलेलेच बरे. चुरस अशी असावी की प्रतिस्पर्ध्यावाचून आपल्याला करमू नये. 2018 च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांना इराणने हरवले. महिलांचा अंतिम सामना इराणने 27-24 असा जिंकला आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. त्यांच्यावर टीकाही झाली. परंतु विद्या देताना गुरूने हातचे राखून ठेवावे, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी मग विजयाचे मोल सांगू नये.

पाच वर्षांनी हांगझोऊ येथे पुरुषांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण 28-28 असे बरोबरीत होते. सामना संपत आला असताना पवन सेहरावत याची तिसरी चढाई आली. तो कोणासही स्पर्श न करता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले, आणि मग जुना नियम लावायचा की नवा, यावर वाद पेटला. पंचांनी निर्णय फिरवले, खेळाडू मॅटवर बसून राहिले, सुमारे तासभर खेळ थांबला. अखेर भारत 33-29 असा जिंकला. मला सुवर्णपदकाचा आनंद झाला, तरी त्या तासात एकही चढाई झाली नाही याची रुखरुख राहिली. ज्या नियमाने संघांना खेळण्यास भाग पाडावयाचे, त्याचीच दोन रूपे प्रचलित असतील तर जिंकणारा आणि हरणारा दोघेही असमाधानी राहतात.

आमच्या त्या सामन्याचा उत्तरार्ध पुढील वर्षी झाला. अंतिम सामन्यात तेच दोन संघ, आणि योगायोगाने पुन्हा दोन मिनिटे शिल्लक असताना आपण दोन गुणांनी पुढे. चढाई आपली. आपल्या मुलाने 30 सेकंद काढले. परंतु या खेपेस प्रतिस्पर्ध्यांनी वर्षभरात गणित केले होते. त्यांचा चढाईपटू धावत आला, निदान रेषा ओलांडून 10 सेकंदांत रिकामाच परतला. आपण पुन्हा 30 सेकंद काढले. तो पुन्हा 10 सेकंदांत परतला. आता आपली तिसरी चढाई होती आणि 40 सेकंद उरले होते. आपल्या मुलास आत शिरणे भाग होते. डाव्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरला, इतरांनी साखळी केली आणि तो बाद झाला. एक गुणाची आघाडी, 25 सेकंद, आणि त्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या असल्याने त्यांचीही ती तिसरीच. दोन्ही बाजूंचे प्रेक्षक उभे होते. त्यांच्या मुलाने परतताना दोन गडी टिपले आणि ते एका गुणाने जिंकले.

मैदानाबाहेर आलो तेव्हा आदल्या वर्षी शिट्ट्या वाजवणारे एक पालक रागारागाने मजकडे आले. “सर, शेवटी वेळ का नाही काढला पोरांनी?” मी म्हटले, ती तिसरी चढाई होती, तीत वेळ काढता येत नाही. ते क्षणभर थांबले.

“मग दुसरीतच गुण घ्यायला हवा होता ना!”