माशाच्या वाढीचे गणित

चक्रवाढ व्याजाचे उदाहरण सोडविताना मुद्दल दरसाल कसे फुगत जाते, हे आपण वर्गात पाहतो. मासाही वर्षानुवर्षे वाढतच असतो. मग त्याची लांबी अशीच फुगत जाते काय? तसे असते तर समुद्रात गलबताएवढे म्हातारे मासे आढळले असते!

उत्तर समुद्रात ‘प्लेस’ नावाचा, आपल्याकडील लेपासारखा चपटा मासा मिळतो. त्याचे वय कानातील चुनखडीच्या खड्यावरून कळते. झाडाच्या बुंध्याप्रमाणे त्यावर वर्षागणिक वलये उमटतात. इंग्लंडमधील रेमंड बेव्हर्टन व सिडनी होल्ट यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या माशाच्या वाढीचे आकडे आहेत. ते थोडे सुलभ केल्यास असे सूत्र मिळते :

लांबी = ६८.५ − (६३.४ × घ)

येथे लांबी सेंटिमीटरांत असून, माशाचे वय जितकी वर्षे असेल तितका ०.९०९ चा घात म्हणजे ‘घ’. ६८.५ ही सरासरी माशाची कमाल लांबी होय. सूत्राचे मर्म असे की, चक्रवाढीने बदलते ती लांबी नव्हे, तर कमाल लांबीला पडणारी उणीव; ती दरसाल शेकडा सुमारे ९ ने घटते. म्हणून पहिल्या वर्षाअखेर मासा ११ सें.मी., पाचव्या वर्षी २९, दहाव्या वर्षी ४४ आणि विसाव्या वर्षी ५९ सें.मी. भरतो. (वय शून्य धरल्यास मात्र उत्तर ५ सें.मी. येते. नवजात पिलू तर काही मिलिमीटरांचेच असते! सूत्र त्याच्यासाठी नाही.)

हे का घडते, याचा विचार लुडविग फॉन बर्टालान्फी या जीवशास्त्रज्ञाने १९३८ साली मांडला. शरीराची घडण पृष्ठभागाच्या प्रमाणात होते व झीज वस्तुमानाच्या प्रमाणात, असे त्याने गृहीत धरले. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो, पण वस्तुमान आठपट. साहजिकच झीज हळूहळू घडणीला गाठते.

आता वजनाकडे वळू. ते साधारणतः लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. त्यामुळे लांबीची वाढ मंदावल्यावरही वजन जोमाने वाढते; या माशात तर ते अकराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढते. पाचव्या वर्षी पकडलेला मासा दहाव्या वर्षी साडेतीनपट वजनाचा झाला असता! तथापि तोवर सारेच मासे जगत नाहीत. कित्येक दुसऱ्यांच्या तोंडी पडतात. लवकर पकडावे तर वजन बुडते, थांबावे तर मासेच कमी होतात. जाळ्याची भोके किती मोठी ठेवावी, हा कोळ्याच्या पोटाचा प्रश्न या दोहोंच्या हिशेबाशी येऊन ठेपतो.

लॉगॅरिथमची कोष्टके घेऊन सात वर्षांच्या माशाची लांबी काढून पाहावी. ती ३६ सें.मी.च्या आसपास येईल. पाच वर्षांच्या माशाहून त्याचे वजन किती पट, हेही काढावे. उत्तर जवळजवळ दुप्पट येते. अवघ्या दोन वर्षांत!